लाल चावी

सासऱ्यांची कवळी खिशात घालून दिवसभर वावरण्यात काय मजा असते, ती ज्याने केली असेल त्यालाच कळेल. रुमालात गुंडाळली तरी चालताना ती मांडीला हलकेच लागत राहते. जणू सासरे आतून विचारताहेत, काय जवाईबापू, आज बेत काय? बेत होता. चैत्र संपत आलेला, सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी नांगरून टाकलेलं शेत, आणि त्या शेताच्या बांधावर मी कवळी घेऊन फिरत होतो. तीच कवळी शोधायला माझा साडू वीस किलोमीटरवर धुळ्याला गेला होता. त्याला मीच पाठवला होता.

पण आधी घरगाडी उभी करतो, मग तिच्यात माणसं बसवतो.

माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, धुळ्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक टेस्टर आणि एक छोटी वही. त्याला विनोद सांगितला तर तो आधी खरं-खोटं तपासतो आणि मग हसत नाही. या गृहस्थाने एका शाळेची जुनी पिवळी मिनीबस घेतली आणि दीड वर्ष दर रविवारी तिच्या पोटात शिरून तिचं घर केलं. दोन बाकडी-पलंग, एक शेगडी, हात धुवायचं भांडं, छताला पंखा, कोपऱ्यात गुडघ्याएवढा फ्रिज. मागच्या पलंगाखाली इन्व्हर्टर आणि घरात असते तशी मोठी बॅटरी. वरून त्याने पांढरा रंग दिला, पण ऊन पडलं की शाळेचं नाव खालून दिसायचं. आमचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, पहिल्यांदा आत बसले तेव्हा म्हणाले, "हिच्यात बसलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं."

नानांचं गाड्यांबद्दलचं मत घरात शेवटचं असे. त्यांनी सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून उभ्याने काढली होती. 

ही गाडी सहलीसाठी बांधलेली नव्हती. ती सासूबाईंसाठी होती. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. अक्कांना दमा. दिवसातून दोन-तीनदा तोंडाला मास्क लावून वाफेच्या मशीनमधून औषध घ्यावं लागतं, आणि मशीन लाइटीवर चालतं. त्यांचं माहेर पिंपळनेरच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत. तिथे लाइट पाहुण्यासारखी येते आणि वादळ झालं की चार-चार दिवस येतच नाही. त्यामुळे अकरा वर्षं अक्का आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्या नव्हत्या. आमच्या खानदेशात दिवाळी एकवेळ चुकेल, आखाजी चुकत नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, म्हाताऱ्यासुद्धा त्यावर बसून गाणी म्हणतात. अक्कांची थोरली बहीण माहेरच्याच गावात दिलेली, ऐंशीच्या पुढची. दर वर्षी तिचा फोन येई आणि ती ओरडून विचारी, "तू कधळ येशी वं बाई? मी मरी जासू तधळ?"

अक्का फोन ठेवून हसत. मग पदराने फोन पुसत. फोन पुसायची काही गरज नसे.

साडूने हे पुसणं पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. त्याने बस घेतली. मी त्या पुसण्याची नक्कल करून दाखवत असे, आणि ती फार हुबेहूब होत असे.

गाडी तयार झाल्यावर नानांनी अट घातली. "आखाजीआधी एक दिवस आणि एक रात्र बिनलाइटीची काढून दाखव. ना तार, ना प्लग. मशीन चाललं तर ने तिला माहेरी. नाही चाललं तर परत हा विषय काढायचा नाही." 

अक्कांनी त्या दिवशी माझ्यादेखत, माझ्या ताटात मांडा वाढता वाढता म्हटलं, "धाकला जवाई म्हंजे सोनं शे सोनं."

बावीस वर्षं या घरातलं सोनं मी होतो! मी आलो की ओट्यावर माणसं जमत. जळगावहून मी काय नवीन किस्सा आणलाय म्हणून नाना पेपर बाजूला ठेवत. आणि आता एक टेस्टरवाला सोनं? मी ताटाकडे बघत राहिलो. बायको कानाशी येऊन म्हणाली, "आणि तुम्ही सोनगीरचं पितळ." तिने गमतीने म्हटलं. तालमीची जागा सोनगीरला ठरली होती, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव ते, म्हणून तिला सुचलं असेल. पण ते माझ्या घशात मांड्यापेक्षा जास्त अडकलं.

तर रविवारी सकाळी घरगाडी सोनगीरला लागली. नानांच्या एका जुन्या दोस्ताचं शेत, बांधावर कडुनिंब, गावातून तांबट आळीची ठोकाठोक अंगावर येणारी. आम्ही चौघंच. नाना, अक्का, साडू आणि मी. दोघी बहिणी धुळ्याला गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला थांबल्या होत्या. मला खास बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, साक्षीदार नको का? 

साडूने आम्हाला उभं करून पाठ दिला. भिंतीवर एक छोटं मीटर होतं, लाल आकड्यांचं. 

"बारा पॉइंट सात म्हणजे बॅटरी भरलेली," तो म्हणाला. "बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धी. त्याखाली आपण जायचं नाही. पंखा, एक दिवा, फ्रिज आणि अक्कांचं मशीन, एवढ्यावर उद्या सकाळपर्यंत आरामात जातं. मी आठवडाभर घरी मोजलंय. इस्त्री नाही, मिक्सर नाही, कूलर तर नाहीच नाही."

"आणि संपलीच तर?" नानांनी विचारलं.

साडूचा चेहरा उजळला. हाच प्रश्न त्याला हवा होता. त्याने पलंगाखालची एक मोठी लाल चावी दाखवली, गॅसच्या बटणासारखी फिरणारी. "ही बॅटरी घराची. इंजिनाची बॅटरी वेगळी, पुढे. गाडी चालताना ही चावी 'दोन्ही'वर, म्हणजे दोन्ही चार्ज होतात. गाडी उभी राहिली की 'एक'वर. मग घराची बॅटरी पार मेली तरी इंजिनाची शाबूत राहते. सेल्फ मारायचा, इंजिन सुरू, मशीन चालू. उभ्या गाडीत ही 'दोन्ही'वर मात्र ठेवायची नाही. नाहीतर दोघी एकदम बुडतात."

"दोघी जावा विहिरीत," मी म्हणालो. 

नाना हसले. साडू म्हणाला, "हां, तसंच," आणि वहीत वेळ लिहिली.

अक्का पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी चावीकडे बघितलं, मग मीटरकडे, मग एकदम म्हणाल्या, "बहीणले सांगू का मंग? झोका बांधी ठेव म्हणी?"

"उद्या सकाळी सांगा," साडू म्हणाला. 

"सकायले सांगसू," अक्का म्हणाल्या, आणि फोन उशीखाली ठेवला, हाताशी येईल असा.

मला खरंच एवढंच करायचं होतं की साडूची थोडी फजिती व्हावी. मीटर खाली यावं, त्याला घाम फुटावा, शेवटी त्याने ते सेल्फ मारून इंजिन चालू करावं आणि रात्रभर डिझेलचा धूर खात सगळ्यांनी त्याला शिव्या घालाव्यात. एवढंच. एक चांगला किस्सा. किस्स्याला लागतो तेवढाच माल मला हवा होता.

नानांना न्याहारीनंतर कवळी काढून स्टीलच्या पेल्यात ठेवायची सवय. पेल्यातून ती माझ्या रुमालात आली. दुपारी शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी पुढे आल्या आणि नानांनी पेला बघितला.

"कवली?" नाना म्हणाले. दात नसले की त्यांचा 'ळ' निसटतो. 

आम्ही सगळं शोधलं. मी सर्वांत जोरात शोधलं. पलंगाखाली गेलो, गाडीखाली गेलो, कडुनिंबावरसुद्धा बघितलं. मग उभा राहून म्हणालो, "नाना, सकाळी घरी तोंड धुताना तुम्ही ती मोरीवर ठेवली होती. मी पाहिली."

नानांनी साडूकडे पाहिलं. धाकट्या जावयाने सासऱ्याला उपाशी ठेवून वही लिहीत बसणं आमच्याकडे शोभत नाही. साडूने मीटर पाहिलं, बारा पॉइंट सहा. चावी 'एक'वर आहे हे हाताने चाचपून पाहिलं. "मी येतो जाऊन. इकडे कशाला हात लावू नका, दादा," असं मला म्हणाला आणि हायवेवर जाऊन धुळ्याच्या गाडीत बसला. 

मग मी बांधावर उभा राहिलो. अहाहा, काय ते ऊन! आणि काय तो माझा आवाज! गावातली लाइट अकरालाच गेलेली होती, तिचं वेळापत्रक मी आधीच विचारून ठेवलं होतं. नानांचे दोस्त बघायला आले तेव्हा मी म्हणालो, "आबा, ही साधी गाडी नाही. हे पॉवर हाउस आहे. गावातल्या बठ्ठा लोकांना, झाडून सगळ्यांना सांगा, मोबाइल फुकट चार्ज."

"बठ्ठा?" आबांनी विचारलं.

"बठ्ठा!"

पंधरा मिनिटांत रांग. तांबट आले, बाया आल्या, एक मास्तर दोन फोन आणि एक चार्जिंगची टॉर्च घेऊन आले, गावचा न्हावी त्याचं केस कापायचं मशीन घेऊन आला. साडूने शिस्तीने बसवलेल्या चार प्लगांवर मी दोन मोठे एक्स्टेंशन बोर्ड लावले आणि फोन मक्याच्या कणसांसारखे ओळीने पसरले. मग माझा हुकमाचा पत्ता. मी नानांकडे वळलो. नाना नुसत्या वरणात भाकरी कुस्करत घामाने निथळत बसले होते. 

"आबा, आमच्या नानांना कूलर मिळेल का हो?"

आबांच्या घरचा लोखंडी कूलर आला, बैलगाडीच्या चाकाएवढ्या पंख्याचा. बादलीने पाणी ओतलं, प्लग लावला. गाडीभर वाळ्याचा वास सुटला. नाना पुढ्यात बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "याला म्हणतात जावई."

मला नको म्हणणारं कोण होतं? साडू समोर असता तरी सासऱ्याच्या पुढचा कूलर त्याने काढला नसता, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त त्याने वहीत लिहिलं असतं. 

मधूनमधून त्याचा फोन येई. "दादा, मोरीवर नाही."

"देवघरात बघा, साडूभाऊ."

"देवघरात कवळी?"

"अहो, म्हातारं माणूस. कुठेही ठेवतं."

मी हे मोठ्याने बोलत असे आणि फोन चार्ज करायला बसलेली मंडळी खुसखुसत असत, कारण मधल्या वेळात कवळी मी त्यांना रुमाल उघडून दाखवली होती. नानांना कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. असा प्रेक्षकवर्ग जन्मात एखाद्याच वेळी लाभतो. धुळ्यात साडू आणि दोघी बहिणी बिबड्या सोडून माळा उपसत होत्या, आणि इथे शंभर पावलांवरून लोक एकमेकांना हाका मारून आणत होते.

साडेतीनला इन्व्हर्टर ओरडायला लागला. टीं... टीं... टीं. मी मीटर पाहिलं. अकरा पॉइंट चार. कूलर मंदावला. नानांनी एक डोळा उघडला. न्हावी म्हणाला, "खलास का, भाऊ, तुमनं पॉवर हाउस?" आणि सगळे हसले. या वेळी माझ्यावर.

ते हसणं मला आवडलं नाही. 

मी पलंगाशी वाकलो आणि लाल चावी 'एक'वरून 'दोन्ही'वर फिरवली. टीं बंद. मीटर टुणकन बारावर. कूलरने पुन्हा जोर धरला. न्हाव्याने हात जोडले.

वर पाहिलं तर अक्का माझ्याकडे बघत होत्या. कुशीवर झोपलेल्या, गालाखाली हात, उशीखाली तो फोन. मी तोंडावर बोट ठेवलं आणि डोळा मारला. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या खोड्यांना त्या नेहमीच हसत. काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं, काहीतरी गंमत आहे एवढं कळलं होतं. बावीस वर्षांत माझ्या गमतीने त्यांचं कधी काही वाईट झालं नव्हतं.

सव्वापाचला हायवेकडून साडू चालत येताना दिसला. मी कूलर बंद केला, फोन वाटून टाकले, चावी पुन्हा 'एक'वर आणली आणि बांधावर येऊन शीळ घालत बसलो. साडूच्या डोक्याला रुमाल बांधलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावर माळ्यावरचं जाळं. 

"नाही मिळाली," तो म्हणाला.

"नाना, तुमची टोपी बघू," मी म्हणालो, आणि टोपीच्या घडीतून कवळी काढून दाखवली. हात असा फिरवला की जादूगाराने बघत राहावं. 

नानांनी कवळी बसवली, दोनदा चावून बघितली आणि मग पहिलं वाक्य साडूला ऐकवलं. "डोळे आहेत की बटणं? दिवसभर माझ्या डोक्यावर होती."

साडू पाणी प्याला. मग त्याला कूलर दिसला. तो आत गेला, मीटर पाहिलं, वहीत लिहिलं, पुढे जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि सेल्फ मारला.

टक.

पुन्हा टक. 

आत्तापर्यंत मला वाटत होतं की इंजिन चालू होईल आणि धूर येईल. मी धुरावरचा विनोदसुद्धा तयार ठेवला होता. ती टक ऐकली आणि तो विनोद माझ्याच तोंडात राहिला. 

त्याच वेळी पश्चिमेकडून वारा उठला. चैत्रात संध्याकाळी आमच्याकडे उठतो तसा, नांगरलेल्या शेतांवरची सगळी माती उचलून आणणारा. आम्ही खिडक्या ओढल्या, पण शाळेच्या बसच्या खिडक्या त्या, निम्म्या लागल्या, निम्म्या अडकल्या. दोन मिनिटांत आतल्या चादरींवर मातीचा थर आणि अक्कांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

साडूने मशीन लावलं, औषधाची कुपी फोडली, मास्क बांधला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि गेला. त्याने लाल चावी स्वतःच्या हाताने 'दोन्ही'वर फिरवली. मीटर हललं नाही. त्याने त्या आकड्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाने भर बाजारात ओळख न देता निघून जावं.

"पंप घ्या, अक्का, पंप," तो म्हणाला. अक्कांनी हातातला पंप दोनदा ओढला. शिट्टी थांबली नाही. गावात लाइट नव्हती, रविवारचा दवाखाना बंद. एक तांबट रिक्षा बघायला पळाला. 

"धक्का!" नाना ओरडले. "धक्का मारा! तिसऱ्या गिअरला टाक आणि क्लच सोड. अरे, बॅटरीचा भरवसा नसेल तर गाडी उतारावर लावतात, एवढं कळत नाही तुला?"

मघाचे सगळे प्रेक्षक धावून आले. वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या खिशात भरून चार्ज झालेला फोन. मी मागे मधोमध उभा राहिलो. आणि माणूस जसा असतो तसाच तो ऐन वेळीही असतो, माझ्या तोंडून आरोळी गेली, "बोला, घरगाडी माताकी..."

"जय!" माणसं हसत हसत गाडी ढकलायला लागली. 

एक धक्का, दोन धक्के. चाकं ढेकळांत रुतत होती. मागच्या काचेतून मला आतलं दिसत होतं. अक्का पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरून पुढे वाकल्या होत्या. तोंड उघडं, खांदे वर जाऊन अडकलेले. गाडी दणके खात होती आणि प्रत्येक दणक्याला त्यांचं डोकं काचेकडे येत होतं. ओठांचा रंग शाईसारखा झाला होता. त्यांचे डोळे काचेवर आले आणि माझ्यावर थांबले. 

मी मान खाली घालून ढकललं. शेजारी न्हावी होता. तो म्हणाला, "भाऊ, तुमी आरोळी द्या ना, त्यानी जोर येस." मी दिली.

चौथ्या धक्क्याला इंजिन लागलं. साडू स्टिअरिंगवरून उडी मारून मागे आला, मशीन घरघरलं, मास्कमधून वाफ आली. वीस मिनिटांनी अक्कांचे खांदे खाली आले. मग त्यांनी उशीखालचा फोन काढला आणि पिशवीत ठेवला.

नाना दारात उभे होते. सगळ्या गावासमोर, इंजिनाच्या आवाजावरून वरच्या पट्टीत ते साडूला बोलले. "एक कूलर पेलला नाही तुझ्या गाडीला. घरी आठ तास चालतो. आणि वर म्हणे इंजिनाची बॅटरी शाबूत राहते! तुझ्या खेळण्यापायी आज हिला तिरडीवर न्यावी लागली असती. विषय संपला. परत माहेराचं नाव काढायचं नाही. तूही नाही आणि हिनेही नाही."

अक्का मास्कमधून काहीतरी म्हणाल्या. नानांनी ऐकलं नाही. साडू वही उघडून उभा होता. तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "घराची बॅटरी कूलरने उतरली, कबूल. पण इंजिनाची कशी उतरली?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "साडूभाऊ, लॅब वेगळी आणि जग वेगळं."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

आखाजीला सगळे धुळ्यालाच जमलो. घागर पूजली, तिच्यावर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या तळल्या. दुपारी अक्कांच्या माहेरून व्हिडिओ कॉल आला. झोक्यावर थोरली बहीण बसलेली, शेजारची फळी रिकामी. ती फळीवर थाप मारून दाखवत होती. मग चित्र अडकलं, थाप मारायला उचललेला हात तसाच वर राहिला, आणि फोन गेला.

अशा वेळी माझ्याकडेच बघतात. "दाजी, सोनगीरचं होऊ द्या," मेहुणी म्हणाली. साडूची बायको, तिनेच म्हटलं. मी उठलो. इन्व्हर्टरची टीं केली, सेल्फची टक केली, नानांची 'कवली' केली, घरगाडी माताकी केली, वहीकडे बघणारा साडू केला. नाना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साडूही हसला. टेस्टरशी खेळत, खाली बघत, पण हसला. दहा-बारा दिवसांत त्याने गाडीची सगळी वायरिंग तीनदा उसवली होती, गळती कुठे आहे ते शोधायला. हाताला सोल्डरिंगचे चटके होते. मी चटक्यांचीसुद्धा नक्कल केली.

हसणं ओसरलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "लाल चावीनी गोट ऱ्हायी गई ना, जवाईबापू."

"कोणती गोष्ट?" साडूने मान वर केली.

"तू कवळी धुंडाले गयथा ना, तधळ यासनी ती चावी फिरावी. मी देखं. माले डोळा मारा यासनी."

आवाजात राग नव्हता. मी काहीतरी विसरलोय आणि त्या आठवण करून देताहेत, असाच सूर होता. खरं तर तेव्हाही सांगता आलं असतं. सगळे हसण्याच्या लाटेत होते, मी कान पकडले असते, नानांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि साडूने वहीत लिहिलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने अक्कांना गाडीत घालून नेलंही असतं. झोका आखाजीनंतर आठवडाभर झाडाला असतोच. 

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रेक्षक होते, आणि माझ्यावर हसणारे प्रेक्षक मला कधीच सोसलेले नाहीत.

मी अक्कांच्या पायाशी बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि फार मायेने म्हणालो, "अक्का, तुम्हाला त्या दिवशी श्वास नव्हता हो. डोक्याला हवा कमी पडली की माणसाला काहीही दिसतं. डॉक्टरांना विचारा."

"होतं तसं," नाना म्हणाले. "मला ताप चढला की आईसुद्धा दिसते."

साडूने माझ्याकडे एकदा पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "चावी मी आलो तेव्हा 'एक'वरच होती, अक्का. मी हाताने बघितली."

अक्कांनी माझ्या हातातला हात सोडवून घेतला. "व्हयी," त्या म्हणाल्या. "माले भास व्हयना व्हयी." आणि धाकट्या लेकीला म्हणाल्या की खिडकी लाव, धूळ येतेय. खिडकी बंदच होती.

थोरली बहीण त्या पावसाळ्यात गेली. मातीला नाना गेले, अक्कांना नेलं नाही. 

गळती काही साडूला सापडली नाही. कशी सापडणार? दिवाळीच्या सुमारास त्याने गाडी शेतकरी नातेवाइकाला चारा ठेवायला देऊन टाकली. इन्व्हर्टर आणि बॅटरी त्याने मला दिली. जळगावला आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते हे त्याला माहीत होतं. स्वतः येऊन त्याने ती जिन्याखाली बसवून दिली, तारा सरळ रेषेत खिळवल्या, पाणी कधी घालायचं ते भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं. जाताना म्हणाला, "बॅटरी चांगली आहे, दादा. दोष माझ्या जोडणीत होता."

मागच्या उन्हाळ्यात अक्का तपासणीसाठी आमच्याकडे आल्या होत्या. दुपारी लाइट गेली. जिन्याखाली टीं वाजली आणि पंखा फिरत राहिला. त्यांची मशीनची वेळ झाली होती. मी प्लग लावला, कुपी फोडली, मास्क त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लगेच लावला नाही. जिन्याखालच्या हिरव्या दिव्याकडे त्या थोडा वेळ बघत बसल्या.

"येले चावी शे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, अक्का. घरातल्याला चावी नसते."

"बरं शे," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी मास्क तोंडाला लावला.